आठव्या मात्रेचा वाद

मामा,

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात अकरा वक्ते बोलले. बहुतेकांनी तुम्हाला 'स्वरांचा बादशहा' केले. एका माजी सभापतींनी तर 'गानकोकिळ' म्हटले. तुमचा आवाज एकदा तरी ऐकलेला माणूस तुम्हाला कोकिळ म्हणत असेल, तर तो बहिरा असला पाहिजे किंवा त्याला पुन्हा निवडणूक लढवायची असली पाहिजे. शेवगावहून आलेल्या एका गृहस्थांनी तुमच्याविषयी एक वाक्य उच्चारले आणि उरलेला वेळ स्वतःच्या पतसंस्थेला वाहिला. मग मंडपाच्या कर्ण्यावर तुमच्या आवाजातले 'रिकामी पाटी' लावले गेले, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अख्ख्या मंडपाने तुमच्याबरोबर 'हो' म्हटले. त्या 'हो'चा मला किती तिटकारा आहे, हे जगात एकाच माणसाला नीट ठाऊक होते. तो समोर खुर्चीवर ठेवलेल्या फोटोत, हाराखाली अर्धा झाकलेला होता.

'तुम्ही गेलात यावर विश्वास बसत नाही' असे मी लिहिणार नाही. विश्वास बसतो. हृदयाकडे जाणारी रक्तवाहिनी बंद झाली की हृदय थांबते, हे समजण्यासाठी मला माजी सभापतींची गरज नाही. माझे भांडण मृत्यूशी नाही, तुमच्याशी आहे. ते चार वर्षे चालले आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात. वादात अडचणीत आलात की तुम्ही 'थांब, चहा सांगतो' म्हणून उठायचात. या वेळचे उठणेही मी त्याच सदरात धरते.

तुम्ही दिवसा तिसगावच्या खांबांवर चढणारे वायरमन होतात आणि उरलेल्या वेळात भीमगीतांच्या गायन पार्टीचे प्रमुख. विजेच्या कामात तुमच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. उघडा जोड दिसला की दुसऱ्याच्या घरातही तुम्हाला चैन पडत नसे. संगीतातला तुमचा काटेकोरपणा मात्र तो की-बोर्ड घरात आला त्या दिवशी संपला, असे माझे ठाम मत होते, आणि ते मी तुमच्या तोंडावर अनेकदा सांगितले.

आपल्याकडे कोणत्याही की-बोर्डला एकाच कंपनीच्या नावाने हाक मारतात. शास्त्रशुद्ध बोलायचे तर तुमचे यंत्र 'अरेंजर' होते. डाव्या हाताच्या एका बोटाने एक पट्टी दाबायची, की ढोल, बास, गिटार असा आख्खा ताफा वाजू लागतो. बोट सरकवले की ताफा निमूट मागे सरकतो. एक बटण दाबले की ढोलांची गडगड होते, दुसरे दाबले की गाणे टाय लावलेल्या माणसासारखे वाकून निरोप घेते. ठेके शंभर, सगळे तयार, आणि त्यांतला एकही आपल्या जिल्ह्याच्या आसपासही जन्मलेला नव्हता. ब्राझीलच्या समुद्रकिनाऱ्यावर नाचण्यासाठी बनवलेल्या ठेक्यावर तुम्ही जयंतीची गाणी म्हणायचात आणि त्याला 'चाळीस नंबर' म्हणायचात. तुमच्या चाली भैरवीच्या वळणाने जात, आणि त्या यंत्राला मेजर व मायनर या दोन पाश्चात्त्य स्वरमेळांपलीकडे जग ठाऊक नव्हते. तुमचा कोमल ऋषभ आणि त्याचा ठोकळेबाज मेजर एकमेकांवर आपटायचे, तेव्हा माझे दात शिवशिवायचे. तुम्ही डोळे मिटून हसायचात.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स घेऊन एम.एस्सी. करीत होते. त्यामुळे माझे मत ऐच्छिक नव्हते, ते व्यावसायिक होते.

"मामा, हे संगीत नाही. हा रेडिमेड कपडा आहे."

"मग? रेडिमेडला काय हुतं? आता नवरदेवबी रेडिमेडच घालत्यात."

"बाही लांब पडली तर?"

"तर दुमडायची. एमेस्सी मॅडम, बाही दुमडली म्हणून कुणी लगीन मोडत न्हाई."

तुमचे सगळे युक्तिवाद असे होते. त्यांना उत्तर नसे, कारण त्यांत मुद्दाच नसे.

माझा मुद्दा मात्र एका गाण्यावर उभा होता, आणि ते गाणे तुमचेच होते. वडील तिकडे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला, म्हणून आम्ही राहात्याला राहत असू. सुटीत मी तिसगावला यायची आणि तुम्ही मला 'रिकामी पाटी' शिकवायचात. दीक्षा घेतल्यावर एक बाई घरातले देव पाटीत घालून नदीला नेते, पाण्यात सोडते आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन परत निघते. 'देव ठेवून आले नदीला, पाटी झाली हलकी गं.' जन्मभर ओझ्याखाली चाललेली ती बाई. ओझे गेल्यावर तिला तोल सापडत नाही. एक पाऊल लांब पडते, मग दोन आखूड. तीन, दोन, दोन. त्या गाण्याच्या सात मात्रा कुठल्या पुस्तकातून आल्या नव्हत्या, त्या तिच्या चालण्यातून आल्या होत्या. संगीतातली रचना म्हणजे काय, हे मला त्या गाण्याने शिकवले. पुढे लहरींची समीकरणे शिकले तेव्हाही उदाहरण म्हणून मनात तीच बाई चालत असायची. हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. तुमच्याशी बोलताना माझा बहुतेक वेळ तुमच्या चुका दाखवण्यात जात असे.

बारावी आणि बी.एस्सी.च्या वर्षांत मी एकाही जयंतीला आले नाही. परीक्षा एप्रिलमध्येच येत, आणि सुटीतही तिसगावला येणे झाले नाही. पदवी हातात घेऊन आले, तेव्हा घरात ते यंत्र होते आणि 'रिकामी पाटी' आठ मात्रांत बसवलेले होते. प्रत्येक ओळीला शेवटी एक मात्रा चिकटवलेली आणि ती मात्रा भरायला एक भला मोठा 'हो'. ती बाई आता अजिबात अडखळत नव्हती. सरळ, ऐटीत, कवायतीसारखी चालत होती. मी यंत्रातले शंभरही ठेके तपासले. चार मात्रांचे होते, तीनचे होते, सहाचे होते. सातचा एकही नव्हता. निष्कर्ष स्पष्ट होता.

"ह्या डब्यात सात मात्रा नाहीत, म्हणून तुम्ही गाण्याला आठवी जोडलीत. होय ना?"

तुम्ही पट्ट्यांवर चिकटवलेली लाल इन्सुलेशन टेप नखाने दाबून बसवीत म्हणालात, "ह्याच्यात सात न्हाईत, हे खरं हाय."

झाले. आरोपीने कबुली दिली, असे मी समजले. पुढची चार वर्षे मी त्या एका वाक्यावर तुमची हजेरी घेतली.

एम.एस्सी. झाल्यावर मी पुण्यातल्या एका स्टुडिओने काढून टाकलेले सिंथेसायझर वर्कस्टेशन मिळवले आणि एस.टी.ने तिसगावला आणले. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्याचं तिकीट काढा, न्हाईतर मांडीवर घ्या." मी ते मांडीवर घेऊन आले. माझे गुडघे बधिर झाले होते, आणि मी विजयी मुद्रेने तुमच्या पुढच्या खोलीत ते मांडले. तुम्ही सगळ्या पट्ट्या एकेक दाबून पाहिल्यात.

"हे तर आपलं आपण काहीच वाजवीना."

"तुम्ही अजून काही सांगितलेच नाही त्याला."

"मंजी सगळं आपणच सांगायचं?"

"होय."

"मग मशिन कशाला आणलं?"

हाच फरक मला तुमच्या डोक्यात उतरवायचा होता. अरेंजर तुम्हाला सांगतो आणि वर्कस्टेशन तुम्हाला विचारते. एका आवर्तनात मात्रा किती, हे ते सर्वांत आधी विचारते. मी 'सात' भरले. त्याने मुकाट मान्य केले. ढोलकीचा घुमारा, झांजेचा काठ, बासचा श्वास, सगळे आवाज आपण हवे तसे घडवले. एकावर एक असे थर नोंदवत गेलो. तिसऱ्या दुपारी पहिल्यांदा सगळे थर एकत्र वाजले आणि त्या यंत्रातून ती बाई चालत आली. एक पाऊल लांब, दोन आखूड.  तुम्ही म्हणालात, "परत लाव." मी परत लावले. तुम्ही पाचव्यांदा 'परत लाव' म्हणालात तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवली होती, आणि मी शहाण्यासारखी यंत्राकडे पाहत राहिले.

त्या आठवड्यात तुम्ही दोन नव्या चाली बांधल्यात. हा माझा सर्वांत भक्कम पुरावा होता आणि आजही आहे. अरेंजर आल्यापासून तुम्ही एकही नवी चाल बांधली नव्हती. तयार ठेका सुरू झाला की माणूस ठेक्याच्या मापाचे गातो. समोर शांतता असली तरच त्याला स्वतःचे काही सुचण्याची गरज पडते. त्या आठ दिवसांबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे लिहिताना मला त्रास होतो, म्हणजे ते खरे असावे.

मग शेजारच्या गावात विहाराच्या उद्घाटनाचा कार्यक्रम आला. दुपारी चारची वेळ होती. तुमचे यंत्र तुम्ही 'असू दे बाजूला' म्हणून बरोबर घेतलेत, आणि मी त्यावर काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या वर्कस्टेशनमध्ये गाणे आरंभापासून अखेरपर्यंत नोंदवलेले होते: धृपद, तीन अंतरे, मधले तुकडे, सगळे मोजून. मी बटण दाबले. पहिला अंतरा उत्तम झाला. दुसऱ्या अंतऱ्याच्या पहिल्याच ओळीला सरपंच आले.

आपल्याकडे पाहुणा आला की गायक ओळ तिथेच सोडतो, ठेका चालू ठेवतो, पाहुण्याचे नाव पुकारतो, हार घातला जातो, पाहुणा मंचावर हात जोडून चारी दिशांना फिरतो आणि मग गायक सोडलेली ओळ पुन्हा उचलतो. गाणे तोवर जागेवर पाय आपटत उभे असते. तुम्हीही तेच केलेत. सरपंचांमागे ग्रामसेवक होते, त्यांच्यामागे दूध डेअरीचे चेअरमन. माझे यंत्र मात्र कोणासाठी थांबणारे नव्हते. त्याने दुसरा अंतरा एकट्याने संपवला, मधला तुकडा वाजवला, तिसरा अंतरा उरकला आणि चेअरमनांच्या गळ्यात हार पडत असताना गाण्याचा शेवट करून ते गप्प झाले. भर मंडपात शांतता पसरली. तुमच्या ओठांवर दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ तशीच होती.

पार्टीचे ढोलकीवाले नाना तुमच्या डाव्या हाताला बसले होते. तुमच्या अरेंजरने त्यांची ढोलकी निम्मी बेकार केली होती, तरी त्यांनी ती जागा सोडली नव्हती. ते माइक जवळ आहे हे विसरून म्हणाले, "मॅडमचं गाणं सरपंचाच्या आधी घरी गेलं की!"

सगळा मंडप हसला. तुम्ही हात लांबवून तुमच्या डब्याचे बटण दाबलेत, चाळीस नंबर सुरू झाला, तुम्ही ओळ उचललीत आणि आठव्या मात्रेला अख्खा मंडप ओरडला, "हो!"

गाण्याच्या मधोमध चेअरमनला हार घालणाऱ्या लोकांविषयी माझे मत त्या दिवशी जे झाले, ते फारसे सुधारलेले नाही. पण चूक माझी होती. ते हार मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि माझ्या हिशेबात एकाही हाराला जागा नव्हती. यंत्रातला तुकडा हवा तितका वेळ फिरता ठेवण्याची सोय होती. मला ती ठाऊकही होती. मी ती वापरली नाही, कारण पूर्ण झालेल्या रचनेला कोणी हात लावू नये, असा माझा हट्ट होता.

परतीच्या टेम्पोत तुम्ही निकाल दिलात. "गानं बांधायला तुझं मशिन. मान्सांपुढं वाजवायला माझं. भांडन मिटलं."

न्याय्य निकाल होता. मी तो फेटाळला. मी म्हणाले, "तुम्ही भित्रे आहात. ज्या गाण्यात एक बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोलाने चालते, त्या गाण्याला तुम्ही एका डब्याच्या सोयीसाठी लाकडी पाय लावलात आणि वर टाळ्या घेतल्यात."

नानांनी टेम्पोबाहेर पाहिले. तुम्ही म्हणालात, "तिसगाव आलं की चहा सांगतो." चहा झाला. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले. पुढच्या जयंतीला प्रयोगशाळेचे कारण सांगून आले नाही. त्यानंतर आले ती गेल्या पंधरवड्यात, तुम्हाला पोहोचवायला.

पुण्यानुमोदन झाल्यावर पार्टीने ठरवले की तुमच्या स्मरणार्थ 'रिकामी पाटी'ची नीट कॅसेट काढायची आणि येत्या जयंतीच्या मिरवणुकीत ती लावायची. कर्ण्यावर जी वाजली ती एका जुन्या कार्यक्रमाच्या मंडपात भरलेली होती. तिच्यात तुमच्या आवाजापेक्षा पाहुण्यांची नावे जास्त. गाणे मामी म्हणणार होत्या. त्या तुमच्यापेक्षा सुरात गातात, हे त्या अकरा वक्त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. साथ कशी करायची, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. मला काय हवे होते, हे उघड आहे. तुमच्या नावाने जे गाणे राहणार, ते तुम्ही बांधलेले असावे. डब्याने बिघडवलेले नसावे. वर्कस्टेशनवर नोंदवलेल्या सात मात्रांची फ्लॉपी मी पुण्याहून बरोबरच आणली होती. नाना आणि मामींना पुढच्या खोलीत बसवून मी त्यांना ही सगळी भूमिका मुद्देसूद समजावून सांगितली.

 नाना म्हणाले, "आठ मात्रा मशिननं केल्या म्हंतीस?"

"अर्थात."

"अगं, आठ मात्रा तर मशिनच्या दोन वर्सं आधीच्या. ह्या हातांनी वाजवल्यात मी. तवा कुठलं आलंय मशिन?"

मी मामींकडे पाहिले. मामी पदराने चष्मा पुसत होत्या.

"मीच बोलले हुते त्येंना," मामी म्हणाल्या. "मिरवणुकीत तुझ्या त्या सात मात्रांवर पाय पडंना. एका ओळीला उजवा यायचा, पुढच्या ओळीला डावा. लेकरं कडंवर, पुढं ट्रॅक्टर, मागून धक्के. दोघीतिघी पडल्या. मी घरी येऊन म्हटलं, तुमच्या गाण्यातली ती बाई एकटी हाय. आमी शंभरजणी हुतो. आमाला चालाया येईल असं करा, न्हाईतर मिरवणुकीत दुसरं गाणं म्हणा."

"आणि तो 'हो'?"

"तो आमचाच. आठव्याला पाय टेकला की आपसूक निघायचा. त्येंनी मागनं गाण्यात घेतला."

 माझ्या सिद्धांतात कार्य आधी घडले होते आणि कारण दोन वर्षांनी जन्मले होते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही अशी चूक करीत नाही. एप्रिलमध्ये मी परीक्षेला बसले होते, त्या वर्षीच्या मिरवणुकीत माझ्या साऱ्या प्रश्नाचे उत्तर रस्त्याने चालत गेले होते.

"मग त्यांनी मला का नाही सांगितले?"

"तू इच्यारलंस कधी?" मामी म्हणाल्या. "तू सांगायचीस." मग जरा नरमाईने, "आन् त्येंना लई आवडायचं तुझं त्ये. म्हनायचे, पोरगी मशिनला शिव्या देती तवा कशी वकिलावानी बोलती. मी सांगितलं, तर भांडायचं कशावरून?"

मामा, हे अक्षम्य आहे. 'ह्याच्यात सात न्हाईत, हे खरं हाय.' त्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि त्यात माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी तुम्हाला टेम्पोत भित्रा म्हणाले. बायका पडल्या म्हणून स्वतःची सर्वांत चांगली रचना मोडून पुन्हा बांधणाऱ्या माणसाला मी तो शब्द वापरला, आणि त्याने मला चहा पाजला. अकरा वक्त्यांनी तुम्हाला ओळखले नाही, असे मी मंडपात बसून मोठ्या तुच्छतेने ठरवले होते. बारावी मी होते, आणि त्या अकरांना निदान चार वर्षांचा अभ्यास असल्याचा दावा तरी करायचा नव्हता.

काल नगरच्या एका लहानशा स्टुडिओत रेकॉर्डिंग झाले. आठ मात्रांत. वस्तीतल्या बावीस बायका टेम्पोने आल्या. तुमचा डबा मी वाजवला, डाव्या हाताच्या एका बोटाने, कारण पार्टीत दुसऱ्या कोणाला तो येत नाही. नाना शेजारी ढोलकी घेऊन बसले. मामी उत्तम गायल्या. 'हो' मात्र बसेना. काचेसमोर हात बांधून उभ्या राहिलेल्या बायकांचा 'हो' कधी आधी येई, कधी नंतर, आणि स्टुडिओवाला वैतागून पुन्हापुन्हा टेप मागे नेत होता. शेवटी मी त्याला माइक मागच्या अंगणात बाहेर काढायला लावला आणि बायकांना सांगितले की उभ्या राहू नका, चाला. त्या अंगणात गोल फिरू लागल्या. पहिल्याच फेरीत बसला.

"ताई, टेपवर पावलांचा आवाज आलाय," स्टुडिओवाला म्हणाला. "परत घेऊ का?"

मी नको म्हणाले.

सात मात्रांचे गाणे अधिक श्रेष्ठ आहे, हे माझे मत कायम आहे. तुमचे यंत्र टुकार आहे, हेही. यांतले काहीही मी मागे घेत नाही. पण आठवी मात्रा कुठून आली, हे तुम्ही मला एका वाक्यात सांगू शकला असतात. मी ते लगेच मान्य केले नसते. चार वर्षे भांडलेच असते. निदान ती चार वर्षे योग्य मुद्द्यावर गेली असती.